क्लाउडवरील दस्तऐवजांचे आपोआप जतन : अडचणी व उपाय

प्राथमिक शाळांच्या दप्तरातील पुष्कळसे काम आता संगणकावर होते. निकालपत्रके, पोषण आहाराचा हिशेब, विद्यार्थ्यांच्या याद्या, सर्वसाधारण नोंदवहीवरून उतरविलेल्या जन्मतारखांचे तक्ते ही सारी वर्ड व एक्सेल यांत तयार होतात आणि अनेक ठिकाणी वनड्राइव्ह या क्लाउड भांडारात ठेविली जातात. तेथे ठेविलेली फाइल आपोआप जतन होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बव्हंशी खरी आहे. परंतु कोणत्या अटींवर खरी आहे हे ठाऊक नसले म्हणजे वीज जाताच दोन तासांचे श्रम नाहीसे झाल्याचे ध्यानात येते. शाईने भरलेल्या तक्त्यास ही भीती नव्हती. त्यावर दौत उलटली तरी निम्मे आकडे वाचता येत.

प्रथम दोन निरनिराळ्या सोयींतील भेद समजून घेणे अवश्य आहे, कारण बहुतेक घोटाळ्यांचे मूळ तेथेच असते. पहिली सोय ऑटोसेव्ह ही होय. ती वर्ड, एक्सेल व पॉवरपॉइंट यांत 2017 साली आली. फाइल क्लाउडवर असताना दर काही सेकंदांनी झालेले बदल ती तेथे पाठवीत राहते. दुसरी ऑटोरिकव्हर. ही पुष्कळ जुनी असून, मुळात न बदलल्यास दर 10 मिनिटांनी, अपघात झालाच तर उपयोगी पडावी अशी एक तात्पुरती प्रत संगणकातच बाजूस ठेवते. ऑटोरिकव्हर म्हणजे जतन नव्हे. खिडकी बंद करताना ‘डोन्ट सेव्ह’ ही कळ दाबली, तर तिच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘मॅनेज’ या मार्गाने कधीकधी जतन न केलेली प्रत सापडते. पण सापडेलच असे मुळीच नाही.

ऑटोसेव्हचे बटण खिडकीच्या डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात असते. काम आरंभ करताना तेथे एकदा दृष्टी टाकावी. बटण बंद असेल तर ते चालू करून पाहावे. चालू करताच संगणक फाइल कोठे ठेवावयाची असे विचारू लागला, तर ती फाइल क्लाउडवर नाही, या संगणकाच्या तबकडीवर आहे, असे समजावे. व्हॉट्सॲपवरून अथवा ई-मेलने आलेली फाइल डाउनलोड करून तशीच उघडली म्हणजे हाच प्रकार होतो. ती ‘डाउनलोड्स’ या फोल्डरात पडलेली असते, आणि वर पिवळी पट्टी दिसत असली तर केवळ वाचण्यासाठीच उघडलेली असते. केंद्रप्रमुखांकडून आलेला कोरा तक्ता असाच उघडून, त्यात साऱ्या वर्गाची माहिती भरून, अखेरीस ती गेली कोठे याचा शोध करीत बसण्याची पाळी अनेकांवर येते. तक्ता आल्याबरोबर तो आधी वनड्राइव्हच्या फोल्डरात ठेवावा, तेथून उघडावा आणि मगच त्यात पहिले अक्षर लिहावे.

फाइल योग्य जागी असूनही बटण बंदच राहते, अशीही कारणे आहेत. ही सोय मायक्रोसॉफ्ट 365 या वर्गणीच्या आवृत्तीत मिळते. एकदाच विकत घेतलेल्या ऑफिस 2016 किंवा ऑफिस 2019 मध्ये ती नाही, म्हणून तेथे दुरुस्तीच्या खटपटीत वेळ दवडू नये. या दोन्ही आवृत्त्यांचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपुष्टात आला आहे, हेही शाळेने लक्षात घ्यावे. दुसरे कारण फाइलीच्या जुन्या ठेवणीचे. नावाच्या शेवटी केवळ डीओसी किंवा एक्सएलएस असेल, तर ती 2007 पूर्वीच्या पद्धतीची फाइल होय, आणि तिच्यासाठी ऑटोसेव्ह चालत नाही. वर्षानुवर्षे एकाच तक्त्याची नक्कल करीत आलेल्या शाळांत ही फाइल हटकून आढळते. ती ‘सेव्ह ॲज’ने डीओसीएक्स अथवा एक्सएलएसएक्स या नव्या ठेवणीत जतन करावी, तक्ता तोच राहतो. फाइल उघडतानाच पासवर्ड विचारणारी असेल, तरीही हे जतन थांबते. गोपनीयतेसाठी पासवर्ड घालण्याचा हेतू स्तुत्य आहे, तथापि अशा फाइलीवर काम करताना कंट्रोल व एस या कळा वरचेवर दाबण्याची सवय ठेविलीच पाहिजे. आणखी एक साधी गोष्ट विसरली जाते. एखाद्या फाइलीपुरते बटण कोणी हाताने बंद केले असेल, तर संगणक ते स्मरणात ठेवतो व पुढच्या वेळीही ती फाइल बंद बटणानेच उघडतो. एकाच संगणकावर चार शिक्षक काम करीत असले म्हणजे ते कोणी बंद केले हे कळत नाही, आणि कळून उपयोगही नाही.

बटण चालू आहे आणि तरीही बदल पोहोचत नाहीत, हा तिसरा प्रकार अधिक फसवा होय. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, ढगाच्या आकाराचे चिन्ह असते. ढग निळा असेल तर शाळेचे वा कार्यालयाचे खाते, पांढरा असेल तर व्यक्तिगत खाते असा त्याचा अर्थ आहे. तो करडा व आडवी रेघ मारलेला दिसला, तर खात्यात प्रवेशच झालेला नाही. लाल वर्तुळात पांढरी फुली दिसली, तर काही फायली अडकल्या आहेत. त्या चिन्हावर टिचकी मारताच कोणत्या, ते समजते. नि:शुल्क व्यक्तिगत खात्यास 5 जीबी जागा मिळते. स्नेहसंमेलनाची छायाचित्रे व चलच्चित्रे त्याच खात्यात साठविली म्हणजे ती लवकरच भरते, आणि मग काही किलोबाइटांच्या निकालपत्रकालाही वाट मिळत नाही. अशा वेळी दोष एक्सेलमध्ये शोधला जातो, आणि तो असतो छायाचित्रांत.

जुन्या संगणकाच्या बाबतीत तारखेकडेही पाहावे. आतील लहान विद्युतघट संपलेला असला, तर वीज जाऊन आल्यावर संगणकाची तारीख काही वर्षे मागे जाते. तारीख चुकीची असताना इंटरनेटवरील सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे अमान्य ठरतात आणि खात्यात प्रवेश मिळत नाही. तारीख व वेळ बरोबर लावली की हा दोष जागच्या जागी दूर होतो. नाणेवजा घट बदलण्यास खर्चही अल्पच येतो.

जाळे मध्येच तुटले तर उघडलेल्या फाइलीतील बदल संगणकात थांबून राहतात व जोडणी परत येताच रवाना होतात. मात्र त्यासाठी संगणक चालू असावा लागतो. शाळा सुटण्याच्या घाईत तो बंद केला, तर ते बदल त्या यंत्रातच अडकतात. मग तोच तक्ता रात्री घरी उघडल्यास जुना दिसतो, शिक्षक त्यातच पुढे भर घालतो, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतील संगणक आपली प्रत पुढे करतो. अशा वेळी वनड्राइव्ह कित्येकदा दोन्ही प्रती ठेवून एकीच्या नावापुढे संगणकाचे नाव जोडतो. त्यांतील कोणतीही प्रत तडकाफडकी पुसून टाकू नये. दोन्ही शेजारी ठेवून, नावागणिक ताळा करूनच एक कायम करावी. जन्मतारखेचा एक आकडा या गोंधळात बदलला, तर त्याचे फळ मुलाला शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भोगावे लागते.

येथवर जतन न होण्याच्या अडचणी झाल्या. नको असताना जतन होणे ही त्याहून मोठी अडचण आहे. गतवर्षीचे निकालपत्रक उघडावयाचे, त्यातील नावे पुसून नवीन नावे घालावयाची आणि शेवटी ‘सेव्ह ॲज’ने नव्या नावाने ठेवावयाचे, ही रीत हातात मुरलेली आहे. ऑटोसेव्ह चालू असताना ती घातक ठरते. पहिले नाव पुसल्यावर काही सेकंदांतच ते मूळ फाइलीतूनही गेलेले असते. ‘सेव्ह ॲज’च्या जागी तेथे ‘सेव्ह अ कॉपी’ असे शब्द दिसतात, ते याचसाठी. फाइल उघडल्याबरोबर, काहीही न पुसता, प्रथम ‘सेव्ह अ कॉपी’ करावे, आणि नंतर त्या प्रतीतच काम करावे. दरवर्षी लागणारा कोरा तक्ता ‘फाइल’, ‘इन्फो’ व ‘प्रोटेक्ट’ या मार्गाने ‘ऑलवेज ओपन रीड-ओन्ली’ असा करून ठेविल्यास पुढील शिक्षकाच्या हातूनही तो सहसा बिघडणार नाही.

चूक होऊन गेली असेल तर घाबरून आणखी खटपटी करू नयेत. फाइल अद्याप उघडी असल्यास कंट्रोल व झेड या कळांनी एकेक पाऊल मागे जाता येते. ती बंद केली असल्यास पुन्हा उघडून ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘व्हर्जन हिस्टरी’ या क्रमाने जावे. उजव्या बाजूस जुन्या आवृत्त्या दिनांक व वेळेसह दिसतात. व्यक्तिगत खात्यात शेवटच्या 25 आवृत्त्या मिळतात. शाळेच्या वा कार्यालयाच्या खात्यात ही मर्यादा व्यवस्थापकाने ठरविलेली असते. हवी ती आवृत्ती निवडताच ती वेगळ्या खिडकीत उघडते. तेथे ‘रिस्टोअर’ दाबण्यापूर्वी चालू वर्षाच्या कामाची प्रत निराळ्या नावाने काढून घ्यावी, म्हणजे जुने परत मिळविताना नवे हातचे जाणार नाही. अनेक शाळांनी मिळून भरावयाच्या सामाईक तक्त्यात एखाद्याने चुकून ओळी पुसल्या, तरी हाच मार्ग. फक्त रिस्टोअर केल्याने मधल्या काळात इतरांनी भरलेली माहितीही मागे जाते, म्हणून त्यांना आधी कळवावे.

फायली कोणाच्या खात्यात आहेत, हाही प्रश्न वेळीच सोडविला पाहिजे. शाळेच्या संगणकावर बहुधा एखाद्या उत्साही शिक्षकाचेच व्यक्तिगत खाते उघडलेले असते आणि सर्वांचे दप्तर नकळत त्यात साठत जाते. त्या शिक्षकाची बदली झाली की ऑटोसेव्ह एक दिवस अचानक थांबते, कारण त्याने आपल्या नव्या गावी पासवर्ड बदललेला असतो. यात त्याचा अपराध काही नाही. मुख्याध्यापकांनी शाळेसाठी स्वतंत्र खाते उघडावे, त्याचा पासवर्ड व पुनर्प्राप्तीचा दूरध्वनी क्रमांक यांची नोंद बंद लिफाफ्यात कपाटात ठेवावी, आणि बदलीचा आदेश येताच, कार्यमुक्तीच्या दिवसाची वाट न पाहता, फायली त्या खात्यात उतरवून घ्याव्यात. उतरविलेल्या फायली दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहिल्यानंतरच मूळ खात्यातून बाहेर पडावे. मूळ खात्यातून चुकून काही पुसले गेले, तर व्यक्तिगत वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये ते 30 दिवसांपर्यंत राहते; मात्र तेथून ते परत आणण्यास त्या शिक्षकासच दूरध्वनी करावा लागेल.