दोन पुरांमधली दहा वर्षं

डिसेंबर २०२५ मध्ये डेसमंड वादळाला दहा वर्षं झाली. मी राहतो त्या कार्लाइलमध्ये त्या निमित्ताने ज्यांच्याशी बोलणं झालं, त्यांच्यापैकी बहुतेकांनी एकच विचारलं: नदीकाठची भिंत आता पुरेशी उंच आहे ना? हा प्रश्न मला सलतो. एवढं सोसल्यावर, एवढ्या श्रीमंत देशात, नदीबद्दल विचारण्यासारखं एवढंच उरावं?

उत्तर इंग्लंडातलं हे शहर ईडन नदीवर वसलंय. कॅल्ड्यू आणि पेटरिल इथेच तिला मिळतात. १८२२, १८५६, १९६८ असे पूर इथे जुनेच. मधल्या वर्षांत सांगण्यासारखं फार काही नाही. नदी गप्प राहिली आणि वस्ती तिच्याकडे सरकत गेली. डोंगरांवर मात्र बरंच काही चाललं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्पादन वाढवायचं म्हणून सरकारी अनुदानातून माळांवर चर खणले गेले, दलदली कोरड्या केल्या गेल्या. वळणं घेत जाणारे ओढेही कित्येक ठिकाणी सरळ झालेले होते. जे पाणी पूर्वी मुरत, रेंगाळत खाली यायचं, ते धावत यायला लागलं.

मग जानेवारी २००५ उजाडला. ८ तारखेच्या पुरात कार्लाइलमध्ये तिघांचा जीव गेला, सुमारे १८०० घरंदारं आणि दुकानं पाण्यात गेली. पोलीस ठाणं आणि अग्निशमन केंद्रसुद्धा बुडालं, म्हणजे धावून जायचं ज्यांनी, तेच अडकले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या सांगलीत कृष्णा चढली. सहा महिन्यांपूर्वी आई मला फोनवर विचारत होती, आता मी तिला विचारत होतो: पाणी कुठवर आलंय?

पाणी ओसरल्यावरचा फरक मात्र मोठा. सांगलीत लोक चिखल उपसून, घर धुऊन लगेच परत राहायला गेले. दुसरी सोयच नव्हती. इथे घर सुकायलाच कित्येक महिने लागले. गिलावा कमरेच्या वरपर्यंत खरवडायचा, लाकडी जमीन उखडायची आणि ओल शोषणारी यंत्रं रात्रंदिवस घरघरत ठेवायची. प्रत्येक दारापुढे कचऱ्याचा लोखंडी स्किप. आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या स्किपमध्ये त्यांच्या लग्नाचा अल्बम पडला होता, पानं एकमेकांना चिकटलेली. पुरात गटाराचं पाणी मिसळलेलं, त्यामुळे विम्याच्या माणसाने त्यांना तो उचलू दिला नाही. पुढे नवा सोफा आला, नवे गालिचे आले, रंग लागला. आजी त्या घरात परत आल्या नाहीत. त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

२००७ च्या उन्हाळ्यात सेव्हर्नकाठचं ट्यूक्सबरी बेट झालं. तिथलं जलशुद्धीकरण केंद्र बुडाल्याने साडेतीन लाख लोकांचे नळ कोरडे पडले. सर मायकेल पिट यांनी २००८ मध्ये अहवाल दिला, ९२ शिफारशींचा. नोव्हेंबर २००९ मध्ये कॉकरमथ बुडालं आणि वर्किंग्टनचा पूल कोसळून बिल बार्कर हा पोलीस वाहून गेला. तेव्हा कार्लाइल वाचलं. ३ कोटी ८० लाख पौंडांचं पूरसंरक्षणाचं काम २०१० मध्ये पुरं झालं आणि आमची गल्ली निर्धास्त झाली. २०१४ च्या सुरुवातीला सॉमरसेटची सखल जमीन आठवडेच्या आठवडे पाण्याखाली होती, तेव्हा पंतप्रधान कॅमेरून यांनी पैसा कमी पडू देणार नाही असं जाहीर केलं. पूर असेपर्यंत पैशाला तोटा नसतो. कोरड्या वर्षांत डोंगरावर काम करायचं म्हटलं की तो आटतो, हे मी इथे वारंवार पाहिलंय.

५ डिसेंबर २०१५, शनिवार. डेसमंड वादळ आलं. होनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पडला, ब्रिटनमधला विक्रम. ईडन २००५ पेक्षाही वर चढली आणि भिंतीवरून पाणी आत आलं. दोन हजारांहून जास्त घरंदारं पुन्हा बुडाली. पुन्हा तेच स्किप, तीच घरघर. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. मागच्या पुराच्या मापाने बांधलेली भिंत पुढच्या पुराला पुरेल, ही आशाच खोटी होती.

वेगळी वाट इथेच सापडलीही आहे. २०१६ मध्ये जवळच्या स्विंडेल खोऱ्यात सरळ केलेल्या ओढ्याला पुन्हा वळणं दिली. पाणी मंदावलं, आणि काही महिन्यांतच सामन मासे अंडी घालायला आले. यॉर्कशरमधल्या पिकरिंग गावाच्या वर लाकडाचे ओंडके टाकून आणि झाडं लावून पाणी रोखलं जातं. ही कामं अजून नमुन्यादाखलच आहेत. गावोगाव व्हायला हवी होती, नाही झाली, आणि त्याचा दोष पावसाला देता येणार नाही.

एप्रिल २०१६ पासून 'फ्लड री' योजनेमुळे पूरक्षेत्रातल्या घरांना परवडणारा विमा मिळू लागला. आमच्यासारख्यांना तिचा खरा आधार झाला. पण १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घरांना ती लागू नाही, दुकानांना नाही, आणि २०३९ मध्ये ती संपणार आहे. आपल्याकडची बरीच तरुण मंडळी आता इथे घरं घेतायत. नदीकाठचं घर आवडलं, तर सही करण्याआधी ते कोणत्या वर्षी बांधलं ते विचारा, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसाकडून २००५ आणि २०१५ मध्ये पाणी कुठवर आलं होतं ते बोटाने दाखवून घ्या.