विश्लेषण : देश श्रीमंत होताना कार्बन उत्सर्जन वाढतेच का?

परदेशातून आलेल्या पोलादाचे वजन आणि किंमत पाहून युरोपचे आजवर भागत होते. १ जानेवारी २०२६ पासून ते पोलाद बनवताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, याचाही हिशेब पैशांत मोजला जाऊ लागला आहे. युरोपीय संघाच्या ‘सीबॅम’ या सीमेवरच्या कार्बन शुल्काच्या कक्षेत लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज येते. पहिल्या दोन वस्तूंची भारतातून युरोपला मोठी निर्यात होते. त्यामुळे एखाद्या देशाचे उत्सर्जन कशाने वाढते आणि कशाने घटते, हा प्रश्न आता थेट निर्यातदारांच्या ताळेबंदात येऊन बसला आहे.

उत्सर्जनाचे गणित काय?

जपानी ऊर्जा-अर्थतज्ज्ञ योइची काया यांनी मांडलेले समीकरण यासाठी जगभर वापरले जाते. देशाची लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, प्रत्येक रुपयाच्या उत्पन्नामागे खर्च होणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेमागे निघणारा कार्बन या चार आकड्यांचा गुणाकार म्हणजे देशाचे एकूण उत्सर्जन. यातले पहिले दोन आकडे कमी करण्याचे आश्वासन कोणतेही सरकार देत नाही. गरिबी कायम ठेवून प्रदूषण घटवू, असे सांगून निवडणूक जिंकता येत नाही. त्यामुळे धोरणांची सारी धडपड उरलेल्या दोन आकड्यांवर चालते.

भारताची कामगिरी चांगली की वाईट?

दोन्ही. एक रुपया उत्पन्नामागे होणारे उत्सर्जन, म्हणजेच उत्सर्जन तीव्रता, २००५ ते २०२० या काळात ३६ टक्क्यांनी घटल्याचे भारताने संयुक्त राष्ट्रांना कळवले आहे. २०३० पर्यंत ही घट ४५ टक्के करण्याचे वचन आहे. पण याच काळात अर्थव्यवस्था तीव्रतेच्या घटीपेक्षा कितीतरी वेगाने वाढली. परिणामी इंधन जाळण्यातून आणि सिमेंटसारख्या उद्योगांतून होणारे देशाचे कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन २००५ मधील सुमारे १२० कोटी टनांवरून २०२३ मध्ये ३०० कोटी टनांच्या आसपास पोहोचले. तरीही दरडोई हिशेब दोन टनांच्या जवळपासच आहे. जगाची सरासरी साडेचार टनांहून अधिक, तर अमेरिकेची १४ टनांच्या घरात आहे. वाटाघाटीत भारत दरडोई आकडा पुढे करतो आणि श्रीमंत देश एकूण आकड्यावर बोट ठेवतात. दोन्ही आकडे खरे असल्याने हा वाद मिटत नाही.

कोणता देश काय बनवतो, यावर किती अवलंबून?

बरेच. भारताच्या अर्थव्यवस्थेत निम्म्याहून अधिक वाटा सेवाक्षेत्राचा आहे. हिंजवडीतील सॉफ्टवेअर कंपनीने कमावलेल्या एक कोटीमागे जळणारा कोळसा आणि भट्टीतून निघालेल्या एक कोटीच्या पोलादामागे जळणारा कोळसा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भारताची तीव्रता घटण्यात या रचनेचाही हात आहे. मात्र ‘मेक इन इंडिया’चे उद्दिष्ट कारखानदारीचा वाटा वाढवण्याचे आहे. राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३० पर्यंत ३० कोटी टन क्षमतेचे लक्ष्य ठेवले आहे. रोजगारासाठी ते हवेच आहे, पण काया यांच्या समीकरणात तिसरा आकडा त्यामुळे अवघड होतो.

याउलट ब्रिटनसारख्या देशांनी कारखाने बंद केले आणि माल बाहेरून आणला. त्या मालाचा धूर चीनच्या खात्यावर चढला. जगातील निम्म्याहून अधिक पोलाद आणि जवळपास निम्मे सिमेंट एकट्या चीनमध्ये बनते. ते वापरणारे मात्र सगळे चीनमध्ये राहत नाहीत.

कोळसा सुटत का नाही?

कारण तो स्वस्त पडतो, आणि त्याच्या स्वस्ताईवर इतरही अनेक गोष्टी उभ्या आहेत. देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशातून येते. २९२० मेगावॉटचे चंद्रपूर वीज केंद्र खाणींच्या शेजारी आहे, त्यामुळे वाहतुकीचा खर्च वाचतो. कोणत्या संचाची वीज आधी घ्यायची, हे प्रामुख्याने इंधनखर्चावर ठरते. ज्याची वीज स्वस्त, तो संच आधी चालतो. धुराला किंमत नसेल तर या क्रमवारीत तो कुठेच मोजला जात नाही.

रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाने जवळपास निम्मा वाटा कोळशाचा आहे आणि मालवाहतुकीच्या कमाईतूनच प्रवासी भाड्यातील तूट भरून निघते. पॅसेंजर गाडीचे तिकीट परवडते, त्यामागे कोळशाची वाघीण आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. खाणी असलेल्या राज्यांना त्यातून स्वामित्वधन मिळते ते वेगळेच.

करांची कथा तर आणखी गमतीची. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लागला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. एक टन देशी कोळशातून साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो असे धरले, तर हा उपकर कार्बनच्या टनामागे पावणेतीनशे रुपयांच्या आसपास पडत होता. म्हणजे नाव न घेता लावलेला छोटासा कार्बन कर. २०१७ नंतर त्याचा पैसा राज्यांना जीएसटी भरपाई देण्यासाठी वळवण्यात आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर रद्द झाला आणि कोळशावरील जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. वरवर ही वाढ दिसते. पण टनाला दोन हजार रुपये दराच्या कोळशावर पूर्वी १०० रुपये जीएसटी आणि ४०० रुपये उपकर मिळून ५०० रुपये पडत, आता ३६० पडतात. साधारण ३१०० रुपयांपेक्षा स्वस्त कोळशावरचा बोजा घटला, महाग कोळशावरचा वाढला. स्वस्त कोळसा म्हणजे बहुधा हलक्या प्रतीचा, जास्त राखेचा. वजनावरचा कर किमतीवर गेला की कार्बनशी असलेले त्याचे नाते तुटते, ते असे.

सौरऊर्जा स्वस्त झाली, मग अडचण कुठे?

सौर विजेचा लिलावातील दर २०१० च्या सुमारास युनिटला दहा रुपयांहून अधिक होता. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तो १.९९ रुपयांवर आला. स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा २०२५ च्या मध्यालाच ५० टक्क्यांवर गेला. पण क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. सूर्य मावळल्यावर पंखे, एसी आणि दिवे एकदम लागतात, तेव्हा कोळसाच धावून येतो. बॅटरी हा त्यावरचा उपाय, पण त्याचा खर्च वेगळा.

दुसरी अडचण व्याजदराची आहे. औष्णिक केंद्राचा मोठा खर्च रोजच्या इंधनाचा असतो. सौर प्रकल्पात इंधन फुकट, पण जवळपास सगळा पैसा पहिल्याच दिवशी घालावा लागतो, आणि तो बहुतांशी कर्जाचा असतो. म्हणून तेच पॅनेल, तेवढेच ऊन असूनही जर्मनीपेक्षा भारतात भांडवल महाग पडते. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर हासुद्धा हवामानाचा आकडा आहे, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

मंदी आली की उत्सर्जन घटते का?

घटते, पण टिकत नाही. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जगाचे उत्सर्जन सुमारे पाच टक्क्यांनी घसरले आणि पुढच्याच वर्षी बहुतेक भरून निघाले. २००९ च्या मंदीनंतरही तेच घडले होते. ब्रिटनचा अनुभव वेगळा आहे. तिथे २०१२ मध्ये सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. २०१३ मध्ये सरकारने कार्बनची किमान किंमत ठरवून दिली आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी शेवटचे कोळसा केंद्र बंद झाले. अर्थात, त्यांच्याकडे नैसर्गिक वायू आणि समुद्रातील पवनऊर्जा हाताशी होती. भारताला वायू मोठ्या प्रमाणात आयात करावा लागतो.

भारतीय पोलादावर किती भार?

भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. जगाची सरासरी दोन टनांच्या आत आहे. केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या व्याख्येनुसार हे प्रमाण २.२ टनांखाली असेल तरच पोलाद ‘हरित’ ठरते. युरोपच्या बाजारात कार्बनचा दर गेल्या दोन-तीन वर्षांत टनाला साधारण ५० ते १०० युरोंदरम्यान फिरला आहे. आयातदारांवर पूर्ण भार लगेच पडणार नाही. युरोपीय कारखान्यांना मिळणारे मोफत परवाने जसे घटतील तसा तो वाढेल. २०२६ मध्ये ही कपात केवळ अडीच टक्के आहे. २०३० मध्ये ती ४८.५ टक्के आणि २०३४ मध्ये शंभर टक्के होईल. म्हणजे भट्ट्या बदलायला उद्योगाकडे मोजकीच वर्षे आहेत, आणि एकदा बांधलेली भट्टी अनेक दशके चालते.

जालन्यातील पोलाद कारखान्यांचे चित्र निराळे. तिथे भंगार आणि स्पंज आयर्न विजेच्या भट्टीत वितळवून प्रामुख्याने बांधकामाच्या सळ्या बनतात. त्यांचा ग्राहक देशातलाच, त्यामुळे सीबॅमची थेट झळ कमी. त्यांच्या खर्चात आणि उत्सर्जनातही विजेचा वाटा मोठा आहे, आणि महाराष्ट्रात उद्योगांच्या वीजदरातून शेतीपंपांची सवलत भागवली जाते.

भारताचा स्वतःचा कार्बन बाजार कुठे आहे?

२०२३ मध्ये केंद्राने ‘कार्बन क्रेडिट ट्रेडिंग’ योजना अधिसूचित केली. त्यात उद्योगांना एकूण उत्सर्जनाची मर्यादा नाही, तर उत्पादनाच्या प्रत्येक टनामागे लक्ष्य दिले जाते. लक्ष्याहून चांगली कामगिरी करणाऱ्याने क्रेडिट विकायचे, मागे पडणाऱ्याने विकत घ्यायचे. सीबॅमच्या नियमांनुसार मूळ देशात प्रत्यक्ष भरलेली कार्बनची किंमत युरोपातील देण्यातून वजा होते. क्रेडिटचा दर इथे नगण्य राहिला, तर वजावटही नगण्य असेल आणि फरकाची रक्कम युरोपच्या तिजोरीत जाईल. दर चढा ठेवला, तर पैसा देशात राहील, पण युरोपला एक टनही न विकणाऱ्या कारखान्यांचे पोलादही महागेल.