कांडपापासून भातगिरणीपर्यंत

पेणजवळच्या आमच्या घराचं माजघर दोन वर्षांपूर्वी उकरलं. जुनी फरशी काढताना गवंड्याच्या पहारीला दगड लागला. माती बाजूला केली, तर तोंडापर्यंत जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. आमच्याकडे त्याला व्हायन म्हणतात. मला ते आठवतच नव्हतं. आईनं सांगितलं, की ज्या वर्षी गावात भाताची गिरणी सुरू झाली, त्याच वर्षी आजीनं ते बुजवून घेतलं. आजोबा म्हणत होते, राहू दे, दिवाळीच्या पोह्यांना लागेल. आजीनं ऐकलं नाही.

पेण आणि रोहा ही दोन्ही गावं भातगिरण्यांसाठी आणि पोह्यांसाठी ओळखली जातात. त्यांचा इतिहास कुणी सांगू लागलं, की तो इंजिनापासून आणि मालकाच्या नावापासून सुरू होतो. मला तो या उखळापासून सुरू करावासा वाटतो.

युरोपातल्या खेड्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांची एक सोय असते. गावाच्या टेकाडावर पवनचक्की असते, तिचा मालक असतो, कागदोपत्री त्याचं नाव असतं. हॉलंडात झान नदीच्या काठी तर पवनचक्क्यांवर जव आणि तांदूळही सडला जाई. चक्कीवाला धान्यातूनच आपला वाटा काढून घेई, म्हणून लोककथांत तो बहुतेक वेळा लबाड. आपल्याकडच्या वाऱ्याला हे काम कुणी लावलं नाही. कोकणातला जोराचा वारा पावसाबरोबर येतो, तेव्हा भात शेतात असतं. झोडणीनंतर खळ्यावर दुपारचा खारा वारा सुटला, की सुपातून भात वारवायचं, पळंज उडवून लावायचं, इतकंच वाऱ्याचं काम. पुढचं सगळं हातांचं. ते हात बायकांचे होते, आणि त्यांची नावं कुठल्याच दप्तरात नाहीत.

हे काम रोजचं का होतं, तेही समजून घ्यायला हवं. भात तुसासकट कणगीत वर्षभर टिकतं. सडलेल्या तांदळाला लवकर पोरकिडा लागतो. म्हणून लागेल तेवढंच काढायचं. आधी घिरटावर भरडायचं, म्हणजे तूस सुटतं. मग सुपानं पाखडायचं. मग व्हायनात घालून मुसळानं सडायचं, म्हणजे वरचा तांबूस कोंडा निघतो. पुन्हा पाखडायचं, कणी वेगळी करायची. दहा माणसांच्या घरात हे आवरेपर्यंत दिवस वर यायचा, आणि स्वयंपाक अजून व्हायचाच असायचा. सधन घरांत कांडपाला बायका येत, त्यांना मजुरी म्हणून तांदूळ, कणी किंवा कोंडा मिळे. बाकीच्या घरांत सुना असत.

हे काम हलकं करणारं यंत्र आलं ब्राझीलहून. एव्हारिस्तो एंगेलबर्ग या माणसानं 1880 च्या दशकात कॉफीची आणि भाताची सालं काढणारं यंत्र बनवलं, अमेरिकेत त्याचा कारखाना निघाला आणि तिथून ते जगभर गेलं. आपण ज्याला नुसतं ‘हलर’ म्हणतो, ते हेच. लोखंडी नळकांड्यात दातेरी दांडा फिरतो, दाणा दाण्यावर आणि लोखंडावर घासतो, तूस आणि कोंडा एकाच दमात निघतो. फिरवायला डिझेलचं एक इंजिन पुरे.

हलर तांदूळ फार मोडतो, हा त्याचा दोष. शंभर किलो भातात सुमारे वीस किलो तूस आणि आठ किलोच्या आसपास कोंडा असतो, म्हणजे सत्तरेक किलो तांदूळ निघायला हवा. हलरवर तो साठ-पासष्टच्या पुढे सहसा जात नाही, आणि त्यातही कणी बरीच. पुढे रबरी रुळांची यंत्रं आली. त्यांनी तूस वेगळं, कोंडा वेगळा काढला आणि तांदूळ अखंड राहू लागला. पण त्याबरोबर एक हिशेबही बदलला, त्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. हलरखालचा तूस-कोंडा एकत्र पडे. तो शेतकरी गोणीत भरून म्हशीला, कोंबड्यांना घरी नेई. निखळ कोंड्याचं मात्र तेल निघतं, त्याला बाजारात भाव असतो. तूस भट्टीला जळण म्हणून चालतं. त्यामुळे ‘भरडाई किती’ या प्रश्नाला जोडून ‘कोंडा कुणाचा’ हा प्रश्न आला. भरडाई कमी घेऊन कोंडा ठेवून घेणारा गिरणीवाला स्वस्त की महाग, हे आमच्या वडिलांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

गिरणीच्या विरोधात बोलणारी माणसंही थोर होती. जावामध्ये आइकमन या डच डॉक्टरला 1890 च्या दशकात असं दिसलं होतं, की पांढराशुभ्र सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या पांगळ्या होतात आणि कोंडा दिला की सावरतात. बेरीबेरीचं मूळ सापडण्याची ती सुरुवात. त्यासाठी त्याला 1929 चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. गांधीजींनी 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, तेव्हा हातसडीचा तांदूळ हा त्यातला एक मुख्य विषय होता. स्वातंत्र्यानंतर 1958 मध्ये भातगिरण्यांचा कायदा झाला. नव्या गिरणीला परवाना देण्याआधी तिच्यामुळे त्या भागात मोठी बेकारी येईल का, हे पाहायचं, असं त्यात होतं. हा कायदा 1997 मध्ये रद्द झाला.

आहाराबद्दल गांधीजींचं म्हणणं बरोबर होतं, यात मला शंका नाही. पण बेकारी मोजायची ती मजुरीनं कांडप करणाऱ्या बाईची. स्वतःच्या घरचं भात सडणाऱ्या बाईचं काम गेलं, तर ते कुठल्या रकान्यात लिहिणार? तिला मजुरीच नव्हती. आमच्या आजीला कोंड्यातल्या जीवनसत्त्वाबद्दल कुणी सांगितलं असतं, तरी तिनं व्हायन बुजवलंच असतं, आणि मी तिच्या बाजूनं आहे.

आता पाण्याबद्दल, कारण गिरणीला भात हवं आणि भाताला पाणी. पेणच्या खारेपाटात पावसाचं एकच पीक. बांधाला खांड पडली आणि खाडीचं पाणी आत आलं, की तेही जातं. रोह्याची गोष्ट निराळी. तिथं उन्हाळ्यातही भात होतं, आणि त्याचं पाणी मुळशीचं आहे. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध 1921 मध्ये सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचे नेते. धरण झालंच. 1927 मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. सह्याद्रीवरून खाली सोडलेलं पाणी वीज देऊन कुंडलिकेत उतरतं, आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी शेतात जातं. वीज तारांवरून मुंबईला गेली. मुळशीच्या मावळ्यांची भातखाचरं बुडाली आणि त्याच पाण्यावर रोह्याची पिकली. रोह्याच्या गिरणीचा इतिहास लिहिताना हे सोडून कसं चालेल?

पोह्यांकडे मी शेवटी येतो आहे, पण आजोबांचा आग्रह त्यांच्यासाठीच होता. हळवं भात आश्विनात हाती येतं, म्हणून नरकचतुर्दशीला नव्या भाताचे पोहे. भात भिजवायचं, निथळायचं, तापल्या वाळूत भाजायचं आणि गरम असतानाच कांडायचं. गार झालं की दाणा चपटा न होता फुटतो. म्हणजे भट्टीची धग तोंडावर, आणि हात थांबवायची सोय नाही. एक बाई भाजायला, दोघी आळीपाळीनं मुसळ घालायला, एक व्हायनात हात घालून पोहे उलटायला. दोन मुसळांच्या मधल्या क्षणात तो हात आत-बाहेर करायचा. आजीच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी होती, ती त्यामुळे, हेही मला आईकडूनच आता कळलं.

पोह्यांच्या गिरणीतलं तत्त्व तेच आहे. भाजलेला दाणा फिरत्या लोखंडी परातीत पडतो आणि कडेच्या जड रुळाखाली चेपला जातो. तो जितका वेळ आत राहील, तितका पोहा पातळ. जाड, पातळ, दगडी, नायलॉन, हे सगळे प्रकार बऱ्याच अंशी त्या वेळेवर ठरतात. चांगला कारागीर हे घड्याळ न पाहता करतो. भाजलेला दाणा बोटांनी दाबून पाहतो आणि सांगतो.

या गिरण्यांपुढचा प्रश्न आता यंत्राचा राहिलेला नाही. पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सप्टेंबर 2008 मध्ये सेझसाठी जमीन द्यायची का, यावर शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं आणि त्यांनी मोठ्या संख्येनं नकार दिला. तो सेझ झाला नाही. त्यानंतर मात्र आमच्याच आळीत तीन घरांनी तुकड्या-तुकड्यानं जमीन विकली, कुणी मत न विचारता. आजीच्या वेळची गिरणी अजून चालते. दिवाळीनंतर दोन महिने, तेही एक दिवसाआड. यंदा आम्ही चार गोणी भात नेलं. कोंडा घरी आणला नाही, म्हैसच नाही. व्हायन काढून परसात ठेवायचं की पुन्हा बुजवायचं, हे गवंड्यानं आईला विचारलं. ती म्हणाली, बुजव.