कयाकवरून बुडी

मानारच्या आखातांत मोत्यांचे शिंपले काढणारे पाणबुडे शतकानुशतकें एका ठराविक रीतीनें बुडी मारीत असत. दोराला बांधलेल्या दगडावर पाय ठेवून तळ गांठावयाचा. वर नावेंत सोबती दोर धरून बसलेला. खालच्यानें हिसका दिला कीं वरच्यानें ओढून घ्यावयाचें. पाणबुड्याचा जीव ज्याच्या हातीं, तो माणूस स्वतः पाण्यांत उतरतही नसे.

हल्लीं किनाऱ्यालगतच्या बुडीसाठीं अनेक देशांत जी चिमुकली नाव वापरतात, तींत हा दोर धरणारा नसतो. बसणारा एकच आणि बुडी मारणाराही तोच. म्हणजे ऐन प्रसंगीं नाव रिकामी. त्या रिकाम्या जागेची भरपाई कशी करावयाची, हेंच या विद्येंतील मुख्य प्रकरण आहे.

या नावेचें नांव कयाक. मूळची ती उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची. सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून केलेली व वरूनही झांकलेली. तींत कमरेपर्यंत शिरून बसलेल्या शिकाऱ्याला भर समुद्रांत उतरून पुन्हां चढणें जवळजवळ अशक्यच. १९७० नंतर कॅलिफोर्नियांत निराळी कयाक पुढें आली. तिचें अंग पोकळ व सर्व बाजूंनीं बंद; बसण्याची खळगी पाठीवरच; तींत आलेलें पाणी भोंकांवाटे आपोआप निघून जातें. कोंकणांतील होडीसारखी उलांडी तिला नाहीं. तिचा सारा भरंवसा रुंद पोटावर.

पाणबुडा दमतो तो तळाशीं नव्हे, तर तेथपर्यंत पोहत जातांना. स्कूबा म्हणजे पाठीवरील दाबलेल्या हवेची बुडी. तिचें अॅल्युमिनियमचें नेहमीचें नळकांडें रिकामेंच सुमारें १४ किलो भरतें, शिशाचा पट्टा वेगळा. हें ओझें नावेच्या मागच्या खोलगट भागांत बांधून वल्हवीत गेल्यास माणूस ताज्या दमानें पाण्यांत उतरतो. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेस सोनोमा व मेंडोसिनो येथील खडकांवर अबालोनी नांवाचे मोठे शिंपले असत. ते केवळ श्वास रोखूनच काढावे, असा कायदा होता. शेंकडों लोक तेथें कयाक घेऊन जात. पुढें समुद्र तापला, जांभळ्या समुद्रसाळूंनीं केल्प नांवाच्या शैवालाचीं रानें खाऊन टाकलीं, शिंपले उपाशीं मरूं लागले आणि २०१८ सालीं ही शिकार बंद झाली. रीत मात्र राहिली.

आतां रिकाम्या नावेचा प्रश्न. वारा तिला माणसाच्या पोहण्याहून जलद नेऊं शकतो. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असेल तर विचारूंच नये. म्हणून नांगर टाकावयाचा, त्याचा दोर खोलीच्या निदान तिप्पट सोडावयाचा, आणि खालीं गेल्यावर पहिल्या प्रथम तो नीट रुतला आहे कीं नाहीं तें पाहावयाचें. कित्येक जण लांब दोरानें नाव स्वतःबरोबरच ओढीत नेतात. ती हातची जात नाहीं खरी. पण दोर शैवालांत गुंततो, म्हणून जवळ सुरी हवी. बुडी प्रवाहाच्या उलट दिशेनें आरंभावयाची, म्हणजे परततांना तोच प्रवाह साह्य करतो. मोटरनौकांनीं दूर राहावें म्हणून नावेवर निशाण लावतात. अमेरिकेंत तें तांबडें असून त्यावर तिरका पांढरा पट्टा असतो.

स्कूबाचें सामान नावेवर बसून चढविणें हें उलटण्यास आमंत्रणच होय. जाकिटांत हवा भरून तें नळकांड्यासह पाण्यांत सोडतात, दोरीनें बांधून ठेवितात, मग स्वतः उतरून अंगांत घालतात. परत येतांना शिशाचा पट्टा प्रथम नावेंत, मग जाकीट. रबरी पंख शेवटपर्यंत पायांतच, कारण त्यांच्याच जोरावर पोटावर वर सरकावयाचें असतें.

श्वास रोखून जाणाऱ्याचा धोका निराळा, आणि तो कोणत्याही नांगरानें टळत नाहीं. श्वास घेण्याची तळमळ लागते ती मुख्यतः कर्बवायु सांचल्यामुळें, प्राणवायु संपल्यामुळें नव्हे. बुडीपूर्वीं भराभर श्वास घेतल्यास कर्बवायु निघून जातो, प्राणवायु फारसा वाढत नाहीं, आणि धोक्याची घंटाच बंद पडते. त्यांत दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. वर येतांना तो निम्मा होतो, फुप्फुसांतील प्राणवायूचा दाबही त्याबरोबर कोसळतो, आणि तळाशीं सावध असलेला मनुष्य शेवटच्या कांहीं हातांत बेशुद्ध होतो. वेदना नाहीं, हांक नाहीं. स्कूबावाल्याला नियम नेमका उलटा: वर येतांना त्यानें श्वास कधींच रोखूं नये, नाहीं तर फुगणारी हवा फुप्फुसें फाडते. एकाच नावेवरून दोन्ही प्रकार करणाऱ्यानें हा भेद विसरूं नये.

म्हणून जाणते लोक एकटे जात नाहींत. दोन कयाका एकमेकींस बांधून एकाच नांगरावर ठेवितात. एक खालीं गेला कीं दुसरा पाण्यांत तोंड घालून त्याच्याकडे पाहत राहतो, आणि तो वर आल्यावरही निदान अर्धें मिनिट नजर काढीत नाहीं. कारण पुष्कळदां शुद्ध हरपते ती डोकें पाण्याबाहेर आल्यावर, पहिला श्वास घेतल्यानंतरच्या कांहीं क्षणांत.