पीसारो, कामीय

पीसारो, कामीय : (१० जुलै १८३०–१३ नोव्हेंबर १९०३). फ्रान्समधील एक श्रेष्ठ दृक्‌प्रत्ययवादी चित्रकार. वेस्ट इंडीजमधील सेंट टॉमस या तत्कालीन डॅनिश बेटावर एका ज्यू व्यापारी कुटुंबात जन्म. वडिलांच्या व्यवसायात मन न रमल्याने १८५२ मध्ये तो एका डॅनिश चित्रकाराबरोबर व्हेनेझुएलास गेला व १८५५ मध्ये पॅरिसला आला. तेथे त्याला कॉरोचे मार्गदर्शन लाभले. फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या काळात (१८७०-७१) तो लंडनला असताना त्याच्या लूव्हस्येन येथील घरात प्रशियन सैनिक राहिले आणि तोवरची त्याची बहुतेक चित्रे नष्ट झाली. परतल्यावर १८७२ पासून तो पाँत्वाझ येथे राहू लागला. आसपासची शेते, पायवाटा आणि शेतकरी हेच पुढे त्याचे मुख्य विषय ठरले.

‘दहिवर’ (१८७३, ऑर्से संग्रहालय, पॅरिस) हे या काळातील त्याचे विशेष उल्लेखनीय तैलचित्र. एनरीच्या जुन्या वाटेने पाठीवर मोळी घेतलेला एक शेतकरी चालला आहे. भोवती दहिवराने पांढुरलेली नांगरट. क्षितिज उंचावर घेतल्याने चित्राचा बराचसा भाग जमिनीने व्यापला जातो. नांगराच्या तासांवरून झाडांच्या लांब, निळसर सावल्या आडव्या पसरल्या आहेत; मात्र ती झाडे चित्रात कोठेच नाहीत. १८७४ मध्ये पहिल्या दृक्‌प्रत्ययवादी प्रदर्शनात हे चित्र मांडले गेले, तेव्हा कास्तान्यारी या एरवी सहानुभूती बाळगणाऱ्या समीक्षकाने नेमका हाच दोष दाखविला. लूई लरवाने तर, मळक्या कापडावर रंगधानीची खरवड थापली आहे, अशी चित्राची टर उडविली. वस्तुतः कुंचल्याच्या या जाड, कोरड्या फटकाऱ्यांतूनच गोठलेल्या ढेकळांचा खरखरीत पोत प्रत्ययास येतो. सावल्यांमुळे सूर्य अजून खाली आहे हे कळते आणि चौकटीबाहेरचा परिसरही जाणवतो. चित्रातील शेतकऱ्याला करुण वा उदात्त करण्याचा प्रयत्न नाही. मीयेच्या शेतकऱ्यांहून तो येथेच वेगळा पडतो. तो केवळ आपल्या कामाला निघाला आहे.

दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या आठही प्रदर्शनांत (१८७४–८६) चित्रे मांडणारा पीसारो हा एकमेव चित्रकार होय. सेझान व गोगँ यांना त्याच्या सहवासाचा मोठा लाभ झाला. १८८४ मध्ये तो एरान्यी येथे स्थायिक झाला. सराच्या प्रभावाने त्याने काही वर्षे बिंदुवादी पद्धती अवलंबिली. पण ती फार संथ व जाचक वाटल्याने सोडून दिली. उतारवयात नेत्रविकारामुळे उघड्यावर काम करणे अवघड झाले, तेव्हा खिडकीत बसून त्याने पॅरिस, रूआन इ. शहरांतील गजबजलेले रस्ते व बंदरे रंगविली. पॅरिस येथे त्याचे निधन झाले. ल्यूस्यँ (१८६३–१९४४) या आपल्या चित्रकार मुलास त्याने लिहिलेली पत्रे दृक्‌प्रत्ययवादाच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानली जातात.