पागेतले शिक्षण आणि कमलापूरचे हत्ती : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

महाराष्ट्रातील नामांकित अश्वपैदास केंद्रे, म्हणजे वंशावळीची नोंद ठेवून घोड्यांची निपज करणारी आणि शिंगरांचे संगोपन करणारी ठिकाणे, प्रामुख्याने पुण्याच्या आसपास एकवटली आहेत. त्यामुळे चंद्रपूर किंवा गडचिरोलीहून नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याने अशा केंद्रावर प्रशिक्षणासाठी जावे की नाही, असा विषय निघाला, की हे शर्यतवाल्यांचे शौक असून जंगलमुलखात त्यांचा काडीचाही उपयोग नाही, असे मत सहज दिले जाते. हे मत कसे चुकीचे आहे, हे अहेरी तालुक्यातील कमलापूरकडे पाहिले म्हणजे कळते. आलापल्लीच्या सागवानी जंगलात लाकूड ओढण्यासाठी वनविभागाने एके काळी हत्ती बाळगले. त्या परंपरेतला कमलापूरचा कॅम्प आज राज्यातील एकमेव शासकीय हत्ती कॅम्प म्हणून ओळखला जातो, आणि हत्तीच्या वैद्यकाचा पाया घोड्याच्या वैद्यकाशी फार जवळचा आहे.

चारा खाणाऱ्या सर्व जनावरांचे पोट सारखेच, हा या बाबतीतला मूळ गैरसमज. गाय, म्हैस, शेळी ही रवंथ करणारी जनावरे असून त्यांच्या जठराचे चार कप्पे असतात, आणि चारा आंबवण्याचे काम त्यांतील सर्वांत मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोठीपोटात, सूक्ष्मजीव करतात. घोडा आणि हत्ती रवंथ करत नाहीत. दोघांचेही जठर एककप्पी असते आणि चारा आंबतो तो पुष्कळ पुढे, म्हणजे अंधनालात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या पिशवीत) आणि मोठ्या आतड्यात. दोघांनाही पित्ताशय नसते. हत्ती तर खाल्लेल्या चाऱ्यापैकी निम्माही पचवत नाही, म्हणून त्याच्या लिदीत काड्या आणि सालपटे जशीच्या तशी दिसतात, आणि ती लीद फोडून पाहिली तर दात झिजले आहेत का, पाणी कमी पडते आहे का, पोटात जंत आहेत का, याचा अंदाज येतो. ही नजर पागेत तयार होते, कारण घोड्याला उलटी करता येत नाही, त्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते आणि पोटशूळ उठला, की काही तासांत त्याच्या जिवावर बेतते. साहजिकच लीद कधी पडली, किती पडली आणि कशी पडली, हे मोतद्दार रोज बघत असतो. गोठ्यातले शहाणपण पागेत जसेच्या तसे नेले तर काय होते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे : गुराकोंबड्यांच्या काही खाद्यांत मिसळले जाणारे मोनेन्सिन हे औषध गुरांना मानवते, पण तेवढ्याच प्रमाणात पोटात गेले तर घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करू शकते.

साम्य मात्र ताणून चालत नाही. वजन दहापट तर औषधही दहापट, हा हिशेब किती घातक ठरू शकतो, हे १९६२ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीच्या प्राणिसंग्रहालयात दिसले. तेथे टस्को नावाच्या हत्तीला एलएसडी हे द्रव्य प्रयोग म्हणून केवळ वजनाच्या हिशेबाने टोचण्यात आले आणि दोन तासांच्या आत तो मेला. त्यानंतर दिलेल्या इतर औषधांचा त्यात वाटा किती, यावर पुढे वाद झाला. परंतु मोठ्या देहात चयापचय संथ असतो आणि मात्रा त्यानुसार ठरवावी लागते, हा धडा वादातीत राहिला.

दुसरा गैरसमज आंतरवासितेच्या स्वरूपाविषयी आहे. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या नियमांनुसार पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातले शेवटचे एक वर्ष आंतरवासितेचे, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी प्रत्यक्ष काम करत शिकण्याचे असते. या वर्षात विद्यार्थी डॉक्टर होऊन इंजेक्शने टोचत फिरतो, अशी समजूत आहे, आणि ती पालकांपेक्षा विद्यार्थ्यांतच अधिक आढळते. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे, आणि विद्यार्थी जे काही करतो ते त्याच्या देखरेखीखाली. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग खरारा करताना कातडी तपासण्यात, नालबंद खूर तासत असताना बाजूला उभे राहण्यात आणि नाडी मोजण्यात जातो. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते आणि ती ६० च्या वर गेली, तर वेदना कुठे आहे याचा शोध सुरू होतो.

खरी कसोटी विण्याच्या हंगामात लागते. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते आणि बहुधा रात्रीच विते. त्यामुळे सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब साचू लागले, की जागरण आले. निरोगी शिंगराने साधारण तासाभरात उभे राहावे आणि दोन तासांत आचळाला लागावे, तर घोडीची वार तीन तासांत पडावी, असा ठोकताळा आहे. शिंगरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाला तोंड देणारी प्रतिपिंडे जवळजवळ नसतात, ती त्याला चिकातूनच मिळतात, आणि आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता दिवसभरात संपते. या काही तासांत घड्याळ बघून नोंद करणारा विद्यार्थी डोस टोचणाऱ्याइतकाच उपयोगी असतो.

शास्त्र डॉक्टरांकडे आणि अंगमेहनत तेवढी माहूत, चाराकटर आणि मोतद्दार यांच्याकडे, हा तिसरा गैरसमज शिकलेल्यांचा आहे. कमलापुरात दरवर्षी हिवाळ्यात हत्तींना काही दिवस सुट्टी देऊन चोपिंग केले जाते, म्हणजे वनौषधींचा लेप उकळून त्याने पाय शेकले जातात, जेणेकरून तळव्यांना भेगा पडू नयेत. हत्तीचा सारा भार तळव्यांवर असतो आणि माणसांच्या ताब्यातील हत्तींमध्ये पायांचे विकार फार आढळतात, हे लक्षात घेतले तर या कामाला निव्वळ रूढी म्हणून मोडीत काढता येत नाही. नख वाढले, चाल बदलली, ही बातमी डॉक्टरांपर्यंत माहुतामार्फतच पोहोचते.

माणसाळलेला हत्ती निरुपद्रवी, हा समज मात्र जिवावर उठणारा आहे. मे २०२१ मध्ये ताडोबातील गजराज या माणसाळलेल्या हत्तीच्या हल्ल्यात व्याघ्र प्रकल्पाच्या एका लेखाधिकाऱ्याचा मृत्यू झाला. शिवाय हत्ती हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी असल्याने वनविभागाच्या परवानगीवाचून त्याच्यावर हात चालवून शिकणे शक्य नाही, आणि ऑक्टोबर २०२१ पासून छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत येणाऱ्या रानहत्तींचा प्रश्न तर त्याहूनही वेगळ्या प्रशिक्षणाचा आहे. पागेतला अनुभव या सगळ्याची जागा घेत नाही. तो फक्त पाया घालतो.

जाण्यापूर्वी विद्यार्थ्याने केंद्राला तीन गोष्टी विचाराव्यात : नोंदणीकृत पशुवैद्यक तेथे पूर्णवेळ असतो का, घोड्यांकडून माणसालाही होऊ शकणाऱ्या ग्लँडर्स या रोगाची तपासणी नियमित होते का, आणि विण्याचा हंगाम कोणता. भारतात शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचे वय १ जानेवारीपासून धरले जात असल्याने त्यांची शिंगरे बहुतेक वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतच जन्मतात. पावसाळ्यात गेलेल्याला घोडी विताना पाहायला मिळणार नाही.