तलवारीआधीची चार वर्षं

उस्मानपुऱ्यातून क्रांती चौकाकडे रोज हजारो पोरं-पोरी जातात. पॉलिटेक्निकवाले, देवगिरीवाले, रूम करून राहणारे एमपीएससीवाले. ‘क्रांती चौकात सोडा’ असं रिक्षावाल्या काकांना आपण सहज सांगतो. पण ही क्रांती कोणती, असं कुणी विचारलं तर? बरेच जण मुक्तिसंग्रामाचं नाव घेतील. चौकाची आठवण त्याहून जुनी आहे, १८५७ ची.

त्या वर्षीच्या जूनमध्ये इथल्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचं पहिलं घोडदळ होतं. आपल्याला दिल्लीच्या बादशहावर चालून जायला लावणार, अशी कुणकुण शिपायांना लागली आणि ते बिथरले. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली. मीर फिदा अली या स्वाराला फाशी झालं. आणखी काहींना फासावर चढवलं, काहींना तोफेच्या तोंडी दिलं. काळा चबुतरा हे नाव शहराच्या तोंडात राहिलं ते यातूनच. ही फौज इथेच थांबली नाही. ती महूला गेली, पुढे सर ह्यू रोजच्या सैन्याचा भाग झाली आणि मार्च १८५८ मध्ये झाशीच्या तटाखाली जाऊन उभी राहिली. १४ वी लाइट ड्रॅगून्स आणि मुंबईची २५ वी पलटण आपल्या शहरातही होती आणि तिथेही. म्हणजे झाशी आपल्याला वाटते तेवढी लांब नाही.

आता झाशी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? उधळलेला घोडा, पाठीशी बांधलेलं मूल, उगारलेली तलवार. गॅदरिंगमध्ये एक तरी लक्ष्मीबाई असतेच, आणि तिच्या हातात पुठ्ठ्याची तलवार असते. तिच्या हातात कागद दिलेला मी कधी पाहिला नाही. खरं तर तलवार उपसण्याआधी चार-साडेचार वर्षं या बाई लिहीत होत्या. खलिते, अर्ज, तक्रारी, खुलासे. ही पत्रं कंपनी सरकारच्या दप्तरात जमा होत गेली, म्हणून ती आज वाचता येतात.

त्यांचं वय किती होतं? जन्मसाल कुणी १८२८ मानतं, कुणी १८३५. म्हणजे २१ नोव्हेंबर १८५३ ला पती गंगाधरराव नेवाळकर वारले तेव्हा त्या अठरा आणि पंचविशीच्या मधे कुठेतरी होत्या. थोडक्यात, तुमच्याच वयाच्या. आदल्याच दिवशी गंगाधररावांनी नात्यातल्या पाच वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं होतं. कंपनीचे अधिकारी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन यांना मुद्दाम बोलावून, त्यांच्या देखत. साक्षीदार हवेत, कागद हवा, हे त्या घराला चांगलं कळत होतं.

पतीच्या निधनाला दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, ३ डिसेंबरला, पहिला खलिता निघाला. पत्ता : गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी. दुसरा गेला १६ फेब्रुवारी १८५४ ला. हा दुसरा खलिता लॉच्या विद्यार्थ्यांनी तर वाचावाच. त्यात रडगाणं नाही, युक्तिवाद आहे. झाशीने कंपनीला कधी, कशी साथ दिली ते आहे. दतिया, ओर्छा, जालौन या शेजारच्या संस्थानांत दत्तक चालतो, मग आमच्याकडेच का नाही, हा प्रश्न आहे. आणि सगळ्यात भारी म्हणजे दोन फारसी शब्दांची चिरफाड आहे. १८१७ च्या तहात कंपनीने झाशीचं राज्य वंशपरंपरेने मान्य केलं होतं. त्यातल्या ‘वारिसान’ म्हणजे वारस आणि ‘जानशीनान’ म्हणजे गादीवर मागून बसणारे, या शब्दांवर पत्राने बोट ठेवलं. ‘जानशीन’ हा पोटचाच असावा असं कुठे आहे? राजाने दत्तक घेतला, त्याच्या हातून क्रियाकर्म झालं, तोच जानशीन. तह तुम्हीच केलात, शब्द तुमच्याच कागदावर आहेत, मग अर्थही पाळा.

मुद्दा दमदार होता. एलिसनेही ओर्छ्याचा दाखला देऊन बाईंच्या बाजूने लिहिलं. त्याचा वरिष्ठ माल्कम झाशी खालसा करावी याच मताचा होता, तरी बाईंना सगळे मान देतात हे त्यानेही नोंदवलं. डलहौसीने २७ फेब्रुवारीला टिपण लिहून विषय संपवला. दुसरा खलिता लिहून जेमतेम अकरा दिवस झाले होते. त्याचं म्हणणं असं की झाशी हे स्वतंत्र राज्य नव्हतंच, पेशव्यांचा सुभा होता, तेव्हा दत्तक मानायचा की नाही हे वरची सत्ता ठरवणार. राज्य खालसा. बाईंना महिना पाच हजार रुपये पेन्शन.

आपण कुठे अर्ज केला आणि तो फेटाळला तर आपण काय करतो? दोन दिवस चिडचिड आणि मग सोडून देतो. बाईंनी वकील पाहिला. जॉन लँग, ऑस्ट्रेलियात जन्मलेला, वकील आणि पत्रकारही. लाला ज्योतीप्रसाद या ठेकेदाराचा खटला लढवून त्याने कंपनीला कोर्टात हरवलं होतं. वकील निवडावा तो असा! त्याला सोनेरी कागदावर फारसीत लिहिलेलं आमंत्रण गेलं. लँगने या भेटीचं वर्णन पुढे छापलं. बाई पडद्याआड बसून बोलत होत्या आणि छोट्या दामोदररावाने मधेच पडदा सरकवला, म्हणून त्याला त्या क्षणभर दिसल्या. त्याने सल्ला दिला की पेन्शन निषेध नोंदवून घ्या आणि दाद विलायतेत मागा. तिथेही नकारच आला.

पुढच्या पत्रव्यवहारातले विषय पाहिले की ‘राणी’ या शब्दाची चमक उतरते आणि घर चालवणारी एक बाई दिसायला लागते. नवऱ्याच्या नावावरचं कर्ज माझ्या पेन्शनमधून का कापता? झाशीत गोवध सुरू झालाय, तो थांबवा. महालक्ष्मीच्या देवळाला लावून दिलेली गावं काढून घेऊ नका. यातला मुंजीचा प्रसंग मला सगळ्यात जास्त लागतो. गंगाधररावांच्या खासगीतले सहा लाख रुपये दामोदररावाच्या नावाने कंपनीने ठेवून घेतले होते, तो सज्ञान होईपर्यंत. मुलाची मुंज आली. बाईंनी त्यातले एक लाख मागितले. सरकार म्हणालं, आधी जामीनदार आणा. स्वतःच्या मुलाच्या मुंजीसाठी, मुलाच्याच पैशांसाठी, राणीला शहरातल्या लोकांकडे जामीन मागायला लागला. गॅरंटरच्या सहीसाठी वणवण केलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग जून १८५७ उजाडतो. इकडे आपल्या छावणीत धुसफूस चालू होती, तिकडे झाशीत ५ तारखेला पलटण उठली. ८ जूनला झोकनबागेत साठेक युरोपीय मारले गेले, त्यात बायका-मुलंही होती. शिपाई पैसे आणि दागिने उकळून दिल्लीकडे निघून गेले. बाईंनी १२ आणि १४ जूनला सागरचा कमिशनर अर्स्किन याला दोन पत्रं लिहिली. जे झालं ते शिपायांचं क्रौर्य आहे, माझ्याकडे शे-पन्नास रक्षक, मी त्यांना वाचवू शकले नाही. वाडा उडवून देण्याची धमकी मलाही होती. आता गावोगाव लुटालूट चाललीय, पैसा नाही, सावकार कर्ज देत नाहीत, सरकारी फौज पाठवा.

इथे अनेकांचा पाय अडखळतो. स्वातंत्र्याची देवता इंग्रजांकडे फौज मागते? मग ही पत्रं खोटी ठरवावीशी वाटतात, किंवा वेळ मारून नेण्याचा डाव म्हणावासा वाटतो. इतिहासकारही यावर भांडलेले आहेत. मला विचाराल तर ही पत्रं आधीच्या चार वर्षांशी जोडून वाचावीत. १८५३ पासून ही व्यक्ती एकच गोष्ट मागतेय : झाशी माझ्या मुलाची आहे, ती नीट चालली पाहिजे. जूनची पत्रं तेच सांगतात. त्याने बाई लहान होत नाहीत. उलट तटावर उभं राहण्याआधी त्यांनी किती दारं ठोठावली, हे कळतं. पहिल्या दिवसापासून मरायला तयार असलेली नायिका पोस्टरला बरी, पण मला ती दारं ठोठावणारी जास्त ओळखीची वाटते.

अर्स्किनने २ जुलैला उत्तर दिलं की आमचा अधिकारी येईपर्यंत आमच्या वतीने जिल्हा तुम्ही सांभाळा. कलकत्त्याहून मात्र इशारा आला की बाईंची हकिकत खोटी निघाली, तर या पत्राची ढाल त्यांना मिळणार नाही. दरम्यान ओर्छ्याच्या फौजेने झाशीला वेढा घातला. मदत आली नाही. बाईंनी तोफा ओतून घेतल्या, माणसं जमवली, वेढा परतवला. १ जानेवारी १८५८ ला त्यांनी गव्हर्नर जनरलचा एजंट हॅमिल्टन याला आणखी एक पत्र लिहिलं, पुन्हा सगळी हकिकत, पुन्हा मदतीची मागणी. इंग्रजांच्या लेखी त्या तोवर झोकनबागेच्या गुन्हेगार झाल्या होत्या. मार्चमध्ये रोज आला तो वेढा द्यायलाच.

त्यानंतरचं तुम्हाला पाठ आहे. ३ एप्रिलचा हल्ला, रात्री किल्ल्यातून निसटणं, काल्पी, ग्वाल्हेर, जूनमधलं मरण. त्या धावपळीतली बाईंची एक भेट विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये आहे. वरसईचा हा भटजी चार पैसे मिळवायला उत्तरेत गेला आणि नेमका बंडात सापडला. झाशीत त्याने बाईंचा थाट पाहिला होता. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्या पुन्हा दिसल्या, पठाणी पोशाखात, धुळीने माखलेल्या. तो पाणी काढून द्यायला पुढे झाला, तर त्यांनी त्याला थांबवलं आणि स्वतःच पाणी ओढून ओंजळीने प्यायल्या.

एक खलिता मात्र लंडनला पोचला. बोअरिंग नावाच्या अधिकाऱ्याच्या संग्रहातून तो ब्रिटिश लायब्ररीत गेला आणि २००९ मध्ये लंडनमधल्या एका प्रदर्शनात लोकांनी तो काचेआड पाहिला. दामोदरराव वाचले. इंदूरला छोट्याशा पेन्शनवर राहिले, १९०६ मध्ये वारले. घराण्याने आडनाव लावलं ‘झाँसीवाले’. मुंजीसाठी ज्यातले एक लाख जामीन देऊन मिळाले होते, त्या सहा लाखांसाठी दामोदररावांनीही सरकारकडे अर्ज केले. ते पैसे त्यांना मिळाले नाहीत.